तीन नद्यांमधलं माहेर

माझ्या मायच्या बोलण्यात दिशा दोनच होत्या, अल्याड आणि पल्याड. पूर्व-पश्चिम तिला दिवा लावताना आणि अंथरूण घालताना आठवायची. बाकी सगळं जग पैनगंगेच्या या काठावर नाहीतर त्या काठावर. मीठ-मिरची अल्याडची, बांगड्या पल्याडच्या. पटवारी अल्याड, सोयरे पल्याड. कोणी बरेच दिवस दिसलं नाही की म्हणायची, "पल्याड गेला असंल." पल्याड म्हणजे वऱ्हाड. तो माणूस परराज्यात गेलाय असं तिच्या मनातही येत नसे. नदीपलीकडच्या वावरात गेल्यासारखा तो पल्याड गेलेला असायचा.

आमचं गाव बेल्याच्या बाजूला, नदीच्या थडीला. जिल्हा आदिलाबाद, तेव्हाचं राज्य आंध्र प्रदेश. घरातली बोली मराठी, बाजारातली उर्दू मिसळलेली मराठी, कचेरीतली तेलुगू. माझा जन्म १९५७ चा, म्हणजे राज्यांची वाटणी होऊन वर्षही झालं नव्हतं. पण आमच्या गावाला ती वाटणी पुरती कळायला निदान वीस वर्षं लागली, असं मला आता वाटतं.

पाचवीला आम्हाला भूगोल शिकवायला नांदेडकडचे एक गुरुजी होते. भिंतीवर नकाशा होता, खालची काठी निघालेला, वारा आला की हिंदी महासागर वर गुंडाळला जायचा. गुरुजींनी व्याख्या सांगितली: चहूबाजूंनी पाणी ते बेट, तीन बाजूंनी पाणी ते द्वीपकल्प. मी उभी राहिले. आमच्या उत्तरेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा आणि तिला वैनगंगा मिळाल्यावर होणारी प्राणहिता, दक्षिणेला बासरपासून थेट खालपर्यंत गोदावरी. पश्चिमेला तेवढे डोंगर. "मंग गुरुजी, आपला जिल्हा द्वीपकल्प झाला नं?" वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "आधी समुद्र आण, मग म्हण." मी खाली बसले, पण मला माझं म्हणणं पटलं होतं, आणि अजूनही पटलेलं आहे.

त्या प्रसंगाची आठवण चार वर्षांपूर्वी पुन्हा निघाली. मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. त्यानं भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरून, वॅलेटा बंदरातून व्हिडिओ कॉल केला. मागे पिवळट दगडाचे उंच तट, पाणी निळंशार. म्हणाला, "आई, इथली पाटी वाच." रोमन अक्षरं होती, त्यानंच वाचून दाखवली: मेरहबा. मी म्हटलं, अरे, हे तर आपल्या बाजारातल्या अत्तरवाल्याचं मरहबा! मग तो सांगत बसला. बेटावरच्या लोकांची भाषा मूळची अरबी घराण्यातली, पण लिहायची रोमन लिपीत. धर्म ख्रिस्ती. १५३० पासून पावणेतीनशे वर्षं तिथे एका लढवय्या ख्रिस्ती संघाचं राज्य, मग थोडे दिवस नेपोलियन, मग १९६४ पर्यंत इंग्रज. शिकल्यासवरल्यांची आणि कोर्टकचेरीची भाषा कित्येक पिढ्या इटालियन होती, तिचा सरकारी दर्जा १९३४ मध्ये गेला आणि चुलीजवळची माल्टी भाषा इंग्रजीच्या जोडीला कचेरीत जाऊन बसली. सगळा देश ३१६ चौरस किलोमीटरचा. माझा जुना आदिलाबाद जिल्हा सोळा हजारांच्या वर होता. पन्नास माल्टा मावले असते त्यात, आणि वर कुंटाल्याचा धबधबा उरला असता.

पण मला त्या आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट डाचली. त्यांच्या घरातली भाषा उंबरठा ओलांडून कचेरीत गेली. आमची उलट्या पावलांनी आली.

नदीचं आधी सांगते. उन्हाळ्यात पैनगंगा म्हणजे वाळू आणि मधे चार-दोन डोह. माणसं वाळूतून चालत जायची, बंड्या जायच्या, बैलांचे खूर रुतायचे आणि गाडीवान खाली उतरून चाकाला खांदा द्यायचा. पावसाळा लागला की डोंगा. गावचा भोई वर्षभर लोकांना इकडून तिकडे करायचा आणि त्याची मजुरी खळ्यावर, ज्वारीच्या पायल्यांनी. पैसे फक्त परक्याकडून घ्यायचे. परका म्हणजे ज्याच्या खळ्यावर त्याला जाता येणार नाही असा माणूस. डोंग्यात बकऱ्या, शाळेची पोरं, तेलाचा डबा, एखादी बाळंतीण, सगळं एकत्र. बैलांना पोहत न्यायचं, एकानं शेपटी धरायची. डोंग्याच्या तळाशी नेहमी चार बोटं पाणी असायचं आणि ते उपसायला फुटक्या घागरीचं खापर ठेवलेलं. मला उपसायला फार आवडायचं. भोई म्हणायचा, "उपस बाई, तुले सासरी जाच हाये यातूनच."

खरोखरच तसं झालं. १९७७ च्या वैशाखात माझं लग्न झालं, वणीकडच्या गावात. वरात कोरड्या वाळूतून बंड्यांनी आली आणि मला घेऊन गेली. सासर नदीपासून कोसभर आत. पहिल्या पंचमीला भाऊ मूळ घेऊन येणार होता. चार दिवस पाऊस पडत होता. मी सासऱ्यांबरोबर काठावर गेले तर पैनगंगा तांबडीलाल, दोन्ही थड्यांना लागलेली, मधून अख्खी झाडं वाहत चाललेली. पलीकडे (म्हणजे माझ्या अलीकडे, तेव्हापासून माझ्या डोक्यात हा गोंधळ आहे) आमच्या मारुतीच्या पाराचा कडुनिंब दिसत होता. त्याच्याखाली एक माणूस. तो भाऊच होता. तो ओरडत होता, मी ओरडत होते, पाण्याच्या आवाजात एक अक्षर पोचत नव्हतं. मग त्यानं डोक्याचा शेला सोडला आणि हलवला. मी पदर हलवला. असे तीन दिवस रोज सकाळी आम्ही दोघं येऊन काठांवर उभे राहिलो. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, भोयानं डोंगा घातला. माय दारात भाकरीचा तुकडा ओवाळायला उभी होती. म्हणाली, "नदीनं अडवलं व्हय?" जणू वाटेत कोणी ओळखीची बाई बोलत बसली होती.

नदी अडवायची ती अशी. चार दिवस, फार तर आठ.

आता इतिहास, म्हणजे मला जो पुढे वाचून कळला तो. पैनगंगा कायमच हद्द होती असं नाही. १८५३ पर्यंत दोन्ही काठ निजामाचे होते. त्या साली कर्जापोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि पल्याड कंपनी सरकार, अल्याड निजाम अशी रेघ पाण्यातून पडली. पाण्यातली रेघ ती, सोयरिकी तशाच चालू राहिल्या. त्याच्याही मागे गेलं तर जैनदचं लक्ष्मीनारायणाचं काळ्या दगडाचं देऊळ आहे, आमच्या लहानपणी कार्तिकातल्या यात्रेला तिथे बंड्यांची रांग लागायची. तिथल्या संस्कृत शिलालेखात माळव्याच्या परमार घराण्यातल्या जगद्देवाचं गुणगान आहे. हा राजपुत्र कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी येऊन राहिला होता. म्हणजे माळव्याचा माणूस, कर्नाटकातल्या राजाचा मांडलिक, लेख संस्कृत, आणि आज पायरीवर नारळ फोडणारे निम्मे तेलुगू, निम्मे मराठी. सिरपूर, उटनूरकडे तर गोंड राजांची सत्ता होती. एकट्या मराठीचा हा मुलूख कधीच नव्हता, हे माझ्या माहेरच्यांना ऐकायला आवडत नाही.

निजामाच्या अमलात १८७२ च्या सुमारास सिरपूर-तांडूर नावानं हा मुलूख वेगळा काढला, १९०५ मध्ये तो पूर्ण जिल्हा झाला, मुख्य ठाणं आसिफाबाद. आदिलाबादला ते नंतर, चाळीसच्या सुमारास आलं. गावाचं जुनं नाव एदलाबाद. कोणी ते विजापूरच्या आदिलशहाला चिकटवतात. तेलुगू शेजारी सांगतात की एद्दु म्हणजे बैल, हे बैलांचं गाव. मला दुसरी कथा जास्त आवडते, कारण माझ्या आठवणीतलं आदिलाबाद खरंच बैलांनी भरलेलं आहे. एदलाबाद जळगावकडेही एक होतं, त्याचं आता मुक्ताईनगर झालं. माझे आजोबा शेवटपर्यंत आदिलाबादला एदलाबादच म्हणायचे आणि पत्त्यातही तसंच लिहायचे, त्यामुळे त्यांचं एक आमंत्रण खानदेश फिरून लग्न झाल्यावर परत आलं होतं.

आणि मग १ नोव्हेंबर १९५६. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसुरात, तेलंगण आंध्रात. आमच्या जिल्ह्यातून राजुरा तालुका, किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल काढून मुंबईला दिलं. नांदेडच्या मुधोळ तालुक्याचा बराच भाग आमच्यात आला. कायद्याच्या कलमात हे दोन ओळींत आहे. पण नकाशा समोर ठेवून बघा. पैनगंगेच्या आमच्याच काठावर, डाव्या हाताला किनवट, ते महाराष्ट्रात. उजव्या हाताला राजुरा, तेही महाराष्ट्रात. समोर वऱ्हाड, ते तर आधीपासून पल्याड. मधला आमचा पट्टा, बेला, जैनद, आदिलाबाद, तेवढा आंध्रात. गुरुजींना मी समुद्र आणू शकले नव्हते, सरकारनं तीन बाजूंनी महाराष्ट्र आणून दिला.

म्हणून नदीनं आम्हाला बेट केलं असं मी म्हणत नाही. नदीनं फक्त उशीर केला. बेट आम्ही हळूहळू झालो, आणि तेही पाणी ओसरल्यावर.

पहिली काही वर्षं कोणाला काही जाणवलं नाही. मराठी शाळा होत्या, आजही काही आहेत. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत यायचं. मुदखेडची छोट्या रुळांची गाडी किनवटवरून यायची, डबे हलत-डुलत, आणि चढावाला इतकी सावकाश की पोरं उतरून बोरं तोडून परत चढत. त्या गाडीनं माझे वडील नांदेडला पुस्तकं आणायला जायचे. आता रूळ मोठे झाले, नंदीग्राम एक्सप्रेसनं रात्रीत मुंबईकडे जाता येतं, तिरुपतीला जाणारी कृष्णा एक्सप्रेस आहे. बोरं तोडणं बंद झालं, आणि हे मी काही तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या जुन्या गाडीत माझी धाकटी बहीण तापानं फणफणलेली असताना आम्ही सात तास बसलो होतो, तेव्हा तिच्या संथपणाचं कौतुक वाटलं नव्हतं.

कापसाचं मात्र सांगायलाच हवं, आणि आता सांगायला हरकतही नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कास्तकारानं कापूस सरकारलाच द्यायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. चुकारे मिळता मिळता उन्हाळा उजाडायचा. आदिलाबादच्या बाजारात खासगी व्यापारी, जिनिंगवाले, रोख पैसा. मधे काय, तर गुडघाभर पैनगंगा. रात्री नऊनंतर आमच्या माहेरच्या गावातून बंड्यांची माळ जायची. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवलेल्या, चाकाच्या कण्याला तेल पाजलेलं, कंदील विझवलेला. माझे सासरे स्वभावानं फार नेमस्त माणूस, एकादशी करणारे, पण त्या बंड्यांमधली एक त्यांची असायची. माय पहाटे उठून सगळ्या सोयऱ्यांना चहा द्यायची, आणि अंगणात सांडलेल्या कापसाचे बोंदे वेचून ठेवायची. त्या बोंद्यांच्या तिनं दोन गाद्या केल्या. पल्याडच्या कापसाची अल्याडची गादी, एक माझ्याकडे अजून आहे, पिंजून घेतलेली. त्या बाजारात पहाटे बंड्या कोसभर लांब उभ्या असत. अडत्याचा माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढायचा, बोटांत ओढून धागा बघायचा, आणि नाकाशी नेऊन ओल हुंगायचा. मग रुमालाखाली बोटं धरून भाव व्हायचा.

पुढे ती योजना मोडीत निघाली. आता ट्रॅक्टर येतात, यंत्रावर ओल मोजतात, पैसे खात्यात पडतात. रुमालाखालचा भाव गेला ते बरंच झालं, त्यात कास्तकार नेहमी नागवला जायचा.

एकदा, बारा वर्षांची असेन, वडील आम्हाला केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला घेऊन गेले. पुष्य अमावास्या, आणि आमच्याकडची थंडी अशी की बंडीतल्या पितळी लोट्याला हात लावू नये. मेश्राम कुळाचे गोंड गोदावरीवरून, हस्तिनामडुगूहून, पाण्याची घागर घेऊन अनवाणी चालत येतात आणि त्या पाण्यानं पूजा होते. त्या वर्षी कुळात आलेल्या नव्या सुना पांढऱ्या लुगड्यात, चेहरा झाकून देवाच्या भेटीला बसतात. तिथे आमच्या बंडीशेजारी एक गोंड कुटुंब उतरलं होतं. म्हातारी आपसांत गोंडी बोलायची, मायशी मराठी, आणि शिपाई आला की उर्दू. तिन्ही भाषा तिच्या तोंडात अगदी सहज, जशी एकाच शेतात तूर, ज्वारी आणि पऱ्हाटी. गोंडांचे पुढारी कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांकडून मारले गेले, त्यानंतर सरकारनं इथे ज्याला अभ्यासाला पाठवलं तो ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ मारलावाई गावात राहिला. त्यानं गोंड मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा गोंडी वाचनमाला छापली ती देवनागरीत, कारण आजूबाजूला वाचता येणारी लिपी तीच होती. त्याच मारलावाईत त्याच्या बायकोची समाधी आहे. आणि नंतर नारनूरकडच्या गुंजाळा गावात गोंडीची स्वतःचीच लिपी असलेल्या जुन्या पोथ्या मिळाल्या. २०१८ मध्ये ती लिपी संगणकाच्या जागतिक लिपीसंचात गेली. म्हणजे आमच्यापेक्षा गोंडांनी आपली अक्षरं जास्त चिकाटीनं राखली म्हणायची.

जत्रेच्या आठवणी काढताना इंद्रवेल्ली गाळून चालत नाही. केस्लापूर त्याच मंडलात. २० एप्रिल १९८१ ला तिथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. मी तेव्हा सासरी, मांडीवर लहान मूल. भाऊ आठवड्यानं आला आणि घडाघडा बोलणारा तो माणूस ओसरीवर नुसता बसून राहिला. ती तिन्ही भाषा बोलणारी म्हातारी त्या दिवशी कुठे होती, हे मला कधी कळलं नाही.

माहेरच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तळाशी आजोबांच्या जमिनीचा कागद, उर्दूत, निजामाचा शिक्का असलेला. त्यावर वडिलांच्या वह्या, मराठीत: कोणाला किती सरकी दिली, कोणत्या तारखेला पेरणी, डोंग्याच्या भोयाला किती पायल्या. सगळ्यात वर भाच्याचं पट्टादार पासबुक, तेलुगूत. आजोबांना उर्दू वाचता यायची, वडिलांना थोडी, भाच्याला नाही. भाच्याला वडिलांच्या वह्याही वाचता येत नाहीत. त्याचा बाप, म्हणजे माझा शेला हलवणारा भाऊ, पोराला मराठी शाळेत घालणार होता, पण शहाण्या माणसांनी सांगितलं की नोकरीला तेलुगू लागेल. खरंच लागली. तो आता आदिलाबादला सरकारी नोकरीत आहे, त्याला दोष कसा देऊ? मराठी तो बोलतो, चांगली बोलतो, फक्त ती त्याच्या तोंडात कानावाटे आलेली आहे, डोळ्यांवाटे नाही. परवा मी त्याला मोबाइलवर निरोप पाठवला तर उत्तर आलं, "आत्या, बोलून पाठव न." तेव्हापासून मी बोलून पाठवते.

पण हे एकतर्फी रडगाणं करायला मी बसले नाही. २०१८ मध्ये तेलंगण सरकारनं रयतुबंधू योजना काढली, एकरी चार हजार रुपये, दर हंगामाला, पुढे पाच हजार. भाच्याच्या खात्यात ते पडले त्या दिवशी माझ्या सासरी ओसरीवर बरीच शांतता होती. नांदेडच्या धर्माबाद, बिलोली भागातल्या काही गावांनी तर आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणीच केली. आणि तिकडे जिवती आणि केरामेरीच्या डोंगरातल्या परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशा चौदा गावांची गंमत वेगळीच. दोन्ही राज्यं त्यांना आपलं म्हणतात, तेव्हा घरटी दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रं, एक मराठी शाळा आणि एक तेलुगू शाळा. माय असती तर म्हणाली असती, अल्याडही तेच आणि पल्याडही तेच, मग हिंडता कशाला?

२ जून २०१४ ला तेलंगण झालं. ११ ऑक्टोबर २०१६ ला जिल्ह्याचे चार भाग पडले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमराम भीम आसिफाबाद. गोदावरी निर्मल आणि मंचेरियालकडे गेली, वर्धा-प्राणहिता आसिफाबाद, मंचेरियालकडे. बासरची सरस्वती, निर्मलची लाकडी खेळणी, कागजनगरची पेपर मिल, कोळशाच्या खाणी, सगळं दुसऱ्या पत्त्यांवर. आदिलाबादला एकच नदी उरली, पैनगंगा. माझं पाचवीतलं द्वीपकल्प त्या दिवशी कागदोपत्री संपलं.

आता माहेरी जायचं तर आम्ही गाडी काढतो. पांढरकवडा, पाटणबोरी, मग चौपदरी महामार्गाचा पैनगंगेवरचा पूल. पूर्वी त्या टोकाला ट्रकांची रांग आणि तपासणी नाका असायचा, आता कर एकच झाल्यापासून तिथे थांबायचं कारण नाही. पुलावर असतानाच फोन टुणकन वाजतो, नव्या राज्यात स्वागत म्हणून. पिप्परवाड्याच्या टोलनाक्यावर काचेवरची चिकटपट्टी वाचून दांडा आपोआप वर जातो. मग आदिलाबाद, मावल्याचा तलाव बघायचा हट्ट केला तर थोडं पुढे, आणि तिथून उलटं बेल्याकडे. वाट छान आहे, पण सगळा वळसा. डोंग्यातून मला घटकाभर लागायचा. आता डोंगाही नाही आणि भोयाची मुलं गाव सोडून गेली. आणि मुख्य म्हणजे कोणाला जायचंही नाही. आमच्या वेळी गावातल्या दहातल्या सहा सुना पल्याडच्या होत्या. गेल्या दहा वर्षांत आमच्या घराण्यात पल्याडची एकही सोयरीक झालेली नाही. भाच्याची बायको करीमनगरकडची, तेलुगू घरातली, आणि फार गुणी पोरगी आहे.

तिच्या आणि माझ्यात अंबाडी हा समान धागा. ती पुंटीकूर म्हणते. माय अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालायची, वरून जवसाचं तेल आणि चुरचुरीत लसूण. ही सुनबाई लाल मिरची वाटून घालते आणि डोळ्यांतून पाणी काढते. आम्ही दोघी एकाच चुलीवर दोन पातेली ठेवतो. चव कोणाची बरी यावर घरातले पुरुष काही बोलत नाहीत, शहाणे आहेत.

मागच्या वर्षी मी भाद्रपदाच्या शेवटी गेले होते. आमच्या लहानपणी हे दिवस भुलाबाईचे. भाद्रपदी पौर्णिमेला मांडायची, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी आणि झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. मी खोबरं-साखरेची खिरापत फार लवकर ओळखायची, कारण डब्याचा आवाज मला माहीत होता. आता त्याच दिवसांत गावभर बतुकम्मा असते. तशी ती आधीही होती, तेलुगू आळीत. राज्य झाल्यापासून तो सरकारी सण झाला आणि सगळ्यांच्या अंगणात आला. सुनबाईनं ताटात भोपळ्याची पानं अंथरली होती, त्यावर तंगेडूच्या पिवळ्या फुलांचा थर, त्यावर गुनुगूची पांढरी तुऱ्यासारखी फुलं. मी नीट बघितलं तर तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे कुर्डू. बांधावर उभं राहून दोन्ही मी जन्मभर पाहिली होती. कुर्डूची तर आम्ही भाजी करून खात होतो.

दोन दिवस राहून संध्याकाळी निघाले. मुलगा दौऱ्यावर, गाडी जावयाची, त्याला अंधार पडायच्या आत पूल गाठायचा होता. पिशवीत सुनबाईनं दिलेली लोणच्याची बरणी, पेटीतली वडिलांची एक वही मी मागून घेतलेली. अंगणात भाच्याची चार वर्षांची मुलगी फुलांच्या ताटाशेजारी उकिडवी बसली होती, हातात तरवडाची फांदी. मी उंबरठा ओलांडून पायरी उतरले तशी ती ओरडली, "आजी, रा!"

आमच्या बोलीत रा म्हणजे राहा. माझा पाय पायरीवरच थबकला. मायसुद्धा निघताना असंच म्हणायची, एवढंसं, बाकी काही नाही. मी वळून तिच्याकडे आले, गुडघे धरून खाली बसले आणि म्हटलं, "राहीन गं, पुढच्या खेपेला आठ दिवस राहीन." पोरगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. सुनबाई दारातून हसली. "तसं नाही आत्या. ती तेलुगूत रा म्हणते. रा म्हणजे ये. फुलं बघायला ये म्हणते."

मी फुलं बघितली. जावयानं दोनदा हॉर्न वाजवला तरी मी बराच वेळ तिथे बसून होते.